घरी विचारून सांगतो

“घरी विचारून सांगतो,” असं दुकानदाराला सांगून लिफ्टवाला बाहेर पडला आणि फुटपाथवर चार पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की घरी विचारायला कोणी नाही.

बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. पण तोंडाला सवय होती. लग्न झाल्यापासून कुठल्याही दुकानातून बाहेर पडताना तो हेच म्हणत आला होता. पंखा घेताना म्हणाला, फ्रीज घेताना म्हणाला, एकदा तर स्वतःच्या बनियनसाठीही म्हणाला. आता हे वाक्य म्हणायचा त्याला हक्क राहिला नव्हता, पण दुकानदाराला ते कुठे माहीत होतं? त्याने तर ते फार मनावर घेतलं होतं.

“विचारा, विचारा,” तो म्हणाला होता. “तुमच्या उंचीची ही एवढीच राहिलीये. रविवारपर्यंत बाजूला ठेवतो. पण विचारून नक्की सांगायचं हं!”

“नक्की,” लिफ्टवाला म्हणाला.

शब्द देऊन बसला होता. आणि तो शब्दाचा पक्का होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला तसं राहावंच लागतं. ‘बहुतेक वर जाईल’ असं सांगून लोकांना आत उभं करता येत नाही.

वस्तू म्हणजे सायकल होती, डोंगरात चालवायची. जाड खाचांचे टायर, पुढे झटके सोसणारे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, डिस्क ब्रेक, ओल्या सिमेंटसारखा रंग. किंमत ऐकल्यावर त्याने चष्मा काढून पुसून पुन्हा लावला होता. त्याच्या पहिल्या स्कूटरलाही एवढे पडले नव्हते, आणि स्कूटरला स्वतःचं इंजिन होतं. पण दुकानदार म्हणाला, “उचलून बघा.” लिफ्टवाल्याने एका हाताने उचलली. उचलल्यावर खाली ठेवायला जिवावर आलं.

डोंगर म्हणजे गावामागची टेकडी. लिफ्टची मशीनरूम इमारतीच्या गच्चीवर असते आणि गावातल्या प्रत्येक गच्चीवरून ती टेकडी दिसायची. लिफ्टवाल्याने तिला सगळ्या बाजूंनी पाहिलं होतं, फक्त तिच्यावर गेला नव्हता. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून म्हणायची, “एकदा जाऊ या हो वर.” तो म्हणायचा, “मी दिवसभर वरच असतो.” विषय संपायचा.

अडचण किमतीची नव्हती. अडचण इस्त्रीच्या टेबलाची होती.

हे टेबल पॅसेजमध्ये उभं होतं. मिटणारं, पत्र्याच्या पायांचं, वर जळका डाग पडलेलं. बायकोने शेवटचं वापरलं तेव्हा ते उघडलं होतं, आणि तेव्हापासून ते उघडंच होतं, वर इस्त्रीही तशीच. मिटवायला एक खटका दाबावा लागतो. लिफ्टवाल्याने आयुष्यात त्याहून अवघड खटके दाबले होते. हा दाबला नव्हता. तो पॅसेजमधून आडवा चालत जायचा, पोट आत घेऊन, खेकड्यासारखा. सवय एवढी लागली होती, की हल्ली तो बँकेतही दारातून आडवा शिरायचा आणि वॉचमन संशयाने बघायचा. सायकल ठेवायची तर त्याच पॅसेजमध्ये. दुसरीकडे जागा नव्हती.

म्हणजे खरोखरच कोणालातरी विचारायला हवं होतं. त्याने बहिणीला फोन लावला.

इथे लिफ्टवाल्याच्या बोलण्याची एक खोड सांगायला हवी. तो एखाद्या गोष्टीचं नाव एकदाच घ्यायचा. पुढे ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांवर भागवायचा. जेवताना मध्येच म्हणायचा, “ती आज पुन्हा अडकली.” मग बायको चमचा खाली ठेवून विचारायची, “ती म्हणजे कोण?” लिफ्ट, चावी, खिडकी, मावशी, काहीही असू शकायचं. ती विचारायची म्हणून घरातला कारभार सुरळीत चालायचा. बाकी कोणाला विचारायची सवय नव्हती, कारण बाकी कोणाशी तो फारसं बोलतच नव्हता.

फोन त्याने लिफ्टच्या खड्ड्यातून लावला. खड्डा जमिनीखाली होता. तिथे रेंज येते, पण तिच्या मर्जीने.

“अगं, मी एक सायकल पाहिलीये,” तो म्हणाला.

बहिणीला ऐकू आलं ते असं: “अगं, मी एक... पाहिलीये.”

“कोण पाहिलीयेस?” बहीण म्हणाली.

त्याला ऐकू आलं: “... पाहिलीयेस?”

“हो. पाहिली. आवडली.”

बहीण खुर्चीवर बसली. “दादा! अरे, कधी? कुठे?”

“रोज जाता-येता काचेतून दिसायची. परवा धीर करून आत गेलो.”

“मग?”

“मग काय? मालकाने सगळी माहिती दिली. चांगला आहे माणूस. म्हणाला, घाई नाही, घरी विचारा. म्हणून तुला विचारतोय.”

“मला?” बहीण म्हणाली. “दादा, तुझं मन काय म्हणतं?”

“मन म्हणतं, आणावी. पण तिला आणायची तर तिचं टेबल काढावं लागेल. तिथे हात धजत नाही.”

यावर बहीण रडायला लागली. लिफ्टवाल्याने फोन कानापासून दूर धरून पाहिला. “खरखर येतेय,” तो म्हणाला. “रविवारपर्यंत सांगायचंय. काय करू?”

“काही करू नकोस. रविवारी आम्ही येतो. सगळे येतो. तोवर एकटा काही ठरवू नकोस!”

लिफ्टवाल्याला बरं वाटलं. एका सायकलसाठी बहीण एवढा प्रवास करून येते, म्हणजे तिलाही सायकलीची आवड होती आणि आपल्याला माहीत नव्हतं, असं त्याला वाटलं.

गुरुवारी मेहुण्याचा फोन आला. मेहुणा विमा कंपनीत होता. कुठल्याही गोष्टीत काय बिघडू शकतं ते त्याला आधी दिसायचं.

“दादा, हिने सांगितलं मला,” तो हळू आवाजात म्हणाला. “आनंद आहे. पण दोन गोष्टी विचारू? रागावू नका.”

“विचारा की.”

“आधी कोणाकडे... म्हणजे, पहिल्यांदाच ना?”

“अगदी नवी आहे. जुनी घेणार नव्हतो मी. जुन्यांना दुसऱ्यांच्या सवयी लागलेल्या असतात.”

“हं. तब्येत कशी आहे?”

“दणकट. आणि वजनाला हलकी. मी एका हाताने उचलली.”

मेहुण्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“उचलली?”

“मालकच म्हणाला, उचलून बघा.”

“सगळ्यांसमोर?”

“दुसरं गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा,” लिफ्टवाला म्हणाला. “चढावर दमत नाही म्हणतात. आता माझंच दम लागायचं वय, तेव्हा म्हटलं एकाला तरी लागू नये.”

“आणि पुढची काही खात्री?”

“मालक दोन वर्षांची देतोय. त्यापुढे आपलं आपण.”

विम्याच्या धंद्यात इतकं स्पष्ट बोलणारा माणूस मेहुण्याला आजवर भेटला नव्हता. फोन ठेवून तो बायकोला म्हणाला, “मला तो मालक ठीक वाटत नाही. पण दादा खूश आहेत.”

“ती काय काम करते, विचारलंत?”

“ते राहिलं. दादांनी तिला उचललं म्हणे.”

“कुठे?”

“तिथेच.”

बहिणीने भिंतीवरचा वहिनीचा फोटो सरळ केला. मग म्हणाली, “वहिनीला कधी हात धरून रस्ता ओलांडून दिला नाही या माणसाने.”

रविवारी सकाळी बहीण आणि मेहुणा दोन पिशव्या घेऊन हजर झाले. पिशव्यांत नवे पडदे, एक चादर आणि दोन उशा होत्या. बहिणीने चहासुद्धा न घेता पदर खोचला आणि घर झाडायला घेतलं.

“चादर कशाला आणलीस?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“तिला लागेल ना!”

लिफ्टवाल्याने विचार केला. “हो, बरोबर. झाकून ठेवलेली बरी. धूळ बसते.”

बहिणीने झाडू थांबवला. “असं बोलतात का रे कुणाबद्दल?”

“उशा मात्र कळल्या नाहीत,” लिफ्टवाला म्हणाला. पण बहिणीला तिने आणलेल्या वस्तूंवरून जास्त विचारलेलं आवडत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. एक उशी सीटवर बांधायला उपयोगी पडेल, असा त्याने हिशेब लावला आणि गप्प बसला.

“तुझ्या मुलीला सांगितलंस का?” बहिणीने विचारलं. मुलगी दुसरीकडे राहायची.

“नाही. म्हटलं, आल्यावरच दाखवावी.”

“अरे, अशी एकदम दाखवतात का? तिची आई गेलीये, दादा. मी तिला फोनवर एवढंच सांगितलं, बाबांचं काहीतरी महत्त्वाचं आहे, रविवारी ये. बिचारी घाबरलीये. वाटेत असेल.”

लिफ्टवाला गोंधळला. मुलीला लहानपणी सायकलवरून पडल्यामुळे कपाळावर खोक पडली होती, तेवढं एक त्याला आठवत होतं. पण त्यात बिचारी म्हणण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात झाडत झाडत बहीण पॅसेजमध्ये पोचली. झाडू भिंतीला टेकवून तिने इस्त्रीच्या टेबलाचे पाय चाचपले. “हे आता आपण मिटवूया हं, दादा. याचा खटका कुठे असतो?”

“थांब,” लिफ्टवाला म्हणाला.

तो लिफ्टच्या खड्ड्यातून वरच्या माणसाला सांगतो तशा आवाजात म्हणाला. वरचा माणूस त्या आवाजाला बटणावरून हात काढतो. बहिणीनेही काढला.

लिफ्टवाला आडवा होऊन आत आला आणि टेबलाच्या जळक्या डागावर हात ठेवून उभा राहिला. मेहुणा खिडकीबाहेर बघू लागला.

“दादा,” बहीण हळूच म्हणाली, “वहिनीला काय वाटेल म्हणून अडू नकोस. ती असती तर तिनेच सांगितलं असतं, जा, घेऊन या म्हणून.”

“छे!” लिफ्टवाला म्हणाला. “ती म्हणाली असती, डोकं फिरलंय का? आधी स्वतःचे गुडघे बघा.”

“गुडघ्यांचं काय त्यात?”

“पहिले तेच जाणार.”

“वय काही आड येत नाही, दादा. अरे, तुझ्याहून मोठी माणसं करतात. आणि एकटं कुढत बसण्यापेक्षा बरं. घरात बोलायला कोणीतरी हवं.”

हे मात्र लिफ्टवाल्याला जास्त वाटलं. “बोलणार नाही मी तिच्याशी,” तो म्हणाला. “तेवढा काही कामातून गेलो नाही.”

“मग काय करणार तिचं?”

“सकाळी टेकडीवर नेणार. आल्यावर पुसून इथे उभी करणार.”

बहिणीने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. आणि दारावरची बेल वाजली.

मुलगी आली ती चप्पल पायात ठेवूनच. आधी तिने बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हातपाय जागच्या जागी होते. “काय झालंय? आत्या, तू फोनवर काही सांगत का नव्हतीस?”

“बस आधी,” आत्या म्हणाली. “पाणी घे. हे बघ, बाबांनी तिला आणायचं ठरवत आणलंय. आमची ना नाही. पण तिला ते जसं वागवणार म्हणतायत ना, ते मला—”

“तिची बाजूही ऐकायला हवी,” मेहुणा म्हणाला.

“रविवार आजच आहे,” लिफ्टवाला म्हणाला. “आज नाही सांगितलं तर तो तिला दुसऱ्याला देऊन टाकेल.”

मुलीने ग्लास खाली ठेवला. अगदी चमचा ठेवावा तसा. आणि विचारलं, “ती म्हणजे कोण?”

लिफ्टवाला तिच्याकडे बघतच राहिला. शब्द तेच, ‘कोण’ म्हणताना भुवई तशीच वर.

“सायकल,” तो म्हणाला.

उशा सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या.

“सायकल?” बहीण म्हणाली.

“डोंगरातली. गिअरची. पहिल्यांदाच सांगितलं की तुला फोनवर.”

मुलीने तोंड ओढणीत लपवलं. तिचे खांदे हलायला लागले. मेहुण्याने किंमत विचारली. लिफ्टवाल्याने सांगितली. मेहुण्यानेही चष्मा काढून पुसला.

“वेड लागलंय का तुला?” बहीण कडाडली. “या वयात सायकल?”

“मघाशी म्हणालीस, वय आड येत नाही.”

“ते लग्नासाठी!”

“पडलात-बिडलात तर?” मेहुणा म्हणाला. “तुमच्याकडे बघणार कोण? घरात बायकोसुद्धा नाही.”

“असती तर सायकलीचं डोक्यात तरी आलं असतं का?” बहीण म्हणाली. “मी आठवडाभर झोपले नाही, दादा! वहिनीच्या फोटोसमोर उभी राहून तिची माफी मागितली. सायकलसाठी! मुळीच आणायची नाही. माझ्याकडून ठाम नकार.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाव बघून तिचा चेहरा पडला. शेजारीण होती. खोली लहान होती आणि शेजारणीचा आवाज मोठा.

“आली का गं?” शेजारीण विचारत होती. “कशी आहे? आम्ही सगळ्याजणी तुझीच वाट बघतोय. फोटो पाठव ना!”

“अजून... अजून यायचीये,” बहीण म्हणाली. “पाठवते.” आणि फोन ठेवून ती नव्या उशीवर बसली.

“किती जणांना सांगितलंयस?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“सगळ्या बिल्डिंगला.” ती पडद्यांकडे बघत होती. “ह्यांच्या ऑफिसात पण कळलंय.” मग मान वर करून, आवाज खाली आणून ती म्हणाली, “दादा, घेऊन ये तिला.”

“आत्ता म्हणालीस ठाम नकार.”

“येतेय म्हणून सांगून बसलेय मी! आज काहीतरी घरात आलंच पाहिजे. आल्यावर बघते काय सांगायचं ते. पण रिकाम्या हाताने मी त्या बायकांत जाणार नाही.”

लिफ्टवाला उठला. पॅसेजपाशी जाऊन पुन्हा उभा राहिला. आता घरच्यांची परवानगी होती, पैसे होते, दुकानही उघडं होतं. टेबल मात्र होतं तिथेच होतं.

मुलगी मागून आली. तीही आडवी होऊन आत सरकली, न सांगता.

“मिटत नाही का हे?” तिने विचारलं.

“मिटतं. मिटवलं नाही.”

तिने जळक्या डागावरून बोट फिरवलं. “हा माझ्या शाळेच्या स्कर्टचा. दूध उतू गेलं म्हणून आई धावली होती.”

“हो. दूधही गेलं आणि स्कर्टही.”

दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभी होती.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तुम्ही काम काय करता?”

“लिफ्टचं. का?”

“मग ती जमिनीवरच उभी करायची, असं कोणी सांगितलं?”

लिफ्टवाल्याने वर पाहिलं. पॅसेजचं छत उंच होतं. त्या घरात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि त्या छताकडे तो पहिल्यांदा धंद्याच्या नजरेने बघत होता. “ती म्हणजे—” तो म्हणाला.

“सायकल, बाबा. कळलं मला.”

दुकानदार शटर खाली ओढायच्या बेतात होता. “विचारलंत का घरी?”

“विचारलं.”

“काय म्हणाले?”

“आधी हो म्हणाले. मग नाही म्हणाले. मग हो म्हणाले.”

“घरोघरी हेच,” दुकानदार म्हणाला आणि बिल करायला बसला.

संध्याकाळी लिफ्टवाल्याने छताला दोन कप्प्या बसवल्या, दोर ओवला आणि दुसऱ्या टोकाला वजन म्हणून वाळूची पिशवी बांधली. मेहुण्याने खालून दोर धरला आणि काय काय तुटू शकतं ते सांगत राहिला. वाळू थोडी कमी पडली. सायकल वर जाऊन पुन्हा हळूहळू खाली यायची. लिफ्टवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरची इस्त्री उचलली आणि पिशवीत टाकली. सायकल वर गेली आणि छताखाली थांबली. टेबल खाली जसंच्या तसं उघडं राहिलं. बहिणीने फोटो काढला आणि शेजारणीला पाठवून दिला. उलट काय उत्तर आलं ते तिने कोणाला दाखवलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी लिफ्टवाला टेकडीवर गेला. पहिल्या वळणापर्यंत सायकलवरून, तिथून पुढे सायकल हाताने ढकलत. चढावर ती दमत नाही, हे खरं निघालं. माथ्यावर एक मोठा दगड होता. त्याला सायकल टेकवून तो बसला. खाली सगळ्या गच्च्या दिसत होत्या आणि प्रत्येकीवर मशीनरूमचं लहानसं खोपटं. त्याने आपली इमारत शोधली, मग आपला मजला, मग स्वयंपाकघराची खिडकी. ती सापडली.

फोन वाजला. बहीण होती. इथे रेंज पूर्ण होती, एकही अक्षर गळत नव्हतं.

“कुठे आहेस, दादा? घरचा फोन उचलत नाहीस.”

“वर आलोय,” तो म्हणाला.

“वर म्हणजे? एकटाच?”

“नाही. ती पण आहे इथे.”

बहीण आता शहाणी झाली होती. एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, “दादा, ती म्हणजे कोण?”

लिफ्टवाल्याने खिडकीवरची नजर काढली नाही. “सायकल,” तो म्हणाला आणि ती आणखी काही विचारील म्हणून फोन तसाच कानाशी धरून बसला.